गच्चीवरचा हिवताप

अंधेरीत कुणाला ताप आला की बोट आधी गटाराकडे जातं, घाटकोपरला नाल्याकडे. गटारातला क्युलेक्स डास झोप उडवतो हे खरं, पण हिवताप त्याचा नव्हे. मुंबईला हिवताप देणारी अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सायची मादी सोवळं पाळणारी आहे. अंडी घालायला तिला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं : गच्चीवरची टाकी, विहीर, नव्या स्लॅबवर तुंबवलेलं पाणी.

या डासाचं बारसंही आपल्याकडचंच. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने विदर्भातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, केलेली निरीक्षणं १९०१ मध्ये छापली. शास्त्रीय नावापुढे आजही त्याचंच नाव लागतं. दहा वर्षांनी, १९११ साली, चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला. त्यांनी बोट ठेवलं ते वाड्यावाड्यांतल्या विहिरींवर. बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका, हे त्यांचं सांगणं. पूजेअर्चेला विहिरीचंच पाणी लागतं, अशी हरकत हिंदूंनी घेतली, पारशांनीही घेतली. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही चर्चा विहिरी आणि टाक्यांचीच. आपल्या सोसायटीच्या सभांसारखं हे : इतिवृत्त नवं, विषय जुना.

देशपातळीवरच्या लढाईची तालीमही मुंबई इलाख्यातच झाली. १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड-कारवार भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप खाली आणून दाखवला. पुढे १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ खोडून ‘निर्मूलन’ लिहिलं, १९६५ ला रुग्ण लाखभरावर आले, आणि १९७६ मध्ये ६४ लाख! डास डीडीटीला सरावले आणि माणसं यशाला. शहरांसाठी वेगळी योजना यायला तर १९७१ उजाडलं. भिंतीवरची फवारणी हा खेड्याचा उपाय. शहरात डास पाण्यातच, अळी असताना गाठावा लागतो.

मुंबईच्या संशोधनाची सर्वांत कामाची देणगी मला गोळीच्या हिशोबात दिसते. व्हायवॅक्स हा हिवतापाचा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उलटतो. त्याला हुसकायला प्रायमाक्विन द्यायचं. ते पूर्वी राष्ट्रीय कार्यक्रमात ५ दिवस दिलं जाई. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नित्या गोगटे, डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की ५ दिवसांनी काही साधत नाही, १४ लागतात. पुढे राष्ट्रीय धोरणातही १४ दिवस आले. आता अडतं ते घरी. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात पडून राहतात.

२०१० साली मुंबईत ७६ हजारांवर रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. उपनगरांत जुन्या इमारती पाडून टॉवर चढतात, तिथे पाणी साठतं आणि शेजारीच मजूर झोपतात. डासाला दोन्ही एका आवारात मिळतं. महापालिका नोटिसा देते, खटले भरते. लोकांना मात्र हवी असते धुराची गाडी. धूर उडत्या डासाला मारतो, टाकीतली अळी मजेत असते. आठवड्या-दीड आठवड्यात तिचा डास होतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्डबरोबर केलेल्या आर-२१ लशीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, पण ती फाल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या जंतूवरची, मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठी. व्हायवॅक्सला तिचा उपयोग नाही. उलट आपला स्टीफेन्साय २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. तिथे हिवताप जवळजवळ संपत आला होता. २०२० मध्ये रुग्ण ७० हजारांवर गेले. साठवलेलं पाणी झाका, हे बेंटलींचं म्हणणं आता आफ्रिकेतल्या शहरांना नव्याने ऐकावं लागतंय.

हिवताप निर्मूलनाचं देशाचं उद्दिष्ट २०३० चं आहे. तेव्हा एकदा गच्चीवर जा आणि टाकीचं झाकण घट्ट बसतं का पाहा. वर चढायला शिडीच नसेल, तर पुढच्या सभेत रंगकामाच्या आधी शिडीचा विषय घ्या.