आठ फुटांची तुळई, पाच पाट

हिवरा आश्रमातले आमचे माळवदाचे घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले. उतरवले म्हणायचे ते सवयीने. खरे तर पाडलेच. पांढऱ्या मातीचा थर खाली आला, त्याखालचे दांडे कुजलेले निघाले, खांबांना वाळवीने आतून पोखरून टाकले होते. एवढ्या पसाऱ्यात धड अशी एकच वस्तू हाती लागली. सागाची तुळई. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, चार इंच जाड, आणि तीन पिढ्यांच्या चुलीच्या धुराने काळीकुळकुळीत.

तिचे काय करायचे यावर आम्हा पाच भावंडांत चार मते पडली. शेवटी अक्काने निकाल दिला. “विकायची नाही. तिचे पाट कर. पाच घरी पाच. दिवाळीला ओवाळताना सगळे आपल्या घराच्या लाकडावर बसतील.” अक्काचे म्हणणे घरात कोणी मोडत नाही. काम अर्थातच माझ्याकडे आले, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर मी परसदारी एक छोटी सुतारशाळा थाटली आहे आणि तिच्यात एक चौदा इंची बँडसॉ आहे. मुदतही अक्कानेच घातली. पौषात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला सगळी मंडळी गावी येतात, तेव्हा पाट तयार हवेत.

आता हिशेब पाहा. आठ फुटांचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे. प्रत्येक तुकडा उभा चिरून चार फळ्या काढायच्या, म्हणजे एकूण सोळा. एका पाटाला तीन फळ्या शेजारी-शेजारी जोडायच्या, पाच पाटांना पंधरा. उरलेल्या एका फळीतून खालच्या आडव्या पट्ट्या. जाडीचा हिशेब तर याहून काटेकोर. चार इंच म्हणजे ३२ सूत. सात-सात सुतांच्या चार फळ्या म्हणजे २८, आणि तीन कापांत मिळून दीड सूत भुसा. उरले अडीच. धुराचा काळा थर रंध्याने काढण्यात त्यातले दोन सूत जाणार. थोडक्यात, काप अर्धा सूत जरी तिरका गेला तरी एक फळी बुडाली. आणि आजोबांच्या हातची दुसरी तुळई कुठून आणणार?

आरा मशीनवर नेऊन एका तासात चिरून आणता आली असती, असे कोणीही म्हणेल. मीही नेली होती. मालकाने तुळईवरून हात फिरवला आणि मान हलवली. जुन्या लाकडात खिळा असतोच, आणि खिळा लागला तर त्याचे भले मोठे पाते दातांसकट जाते. शिवाय दोन फुटांचे तुकडे त्या गाड्यावर नीट बसत नाहीत. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आरा मशिनी तशाही आता गल्लोगल्ली राहिलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशापासून विनापरवाना गिरण्यांवर टाच आली, आणि २००२ नंतर नव्या गिरणीला मंजुरी मिळणे फारच अवघड झाले. जंगलाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र ज्यांच्या परसात बँडसॉ यायचा आहे त्यांनी, विशेषतः चार पैसे मिळवायचा विचार असेल तर, आधी वनखात्याच्या कचेरीत नियम विचारून घ्यावेत. बांधावरचा स्वतःचा सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो आहे.

बँडसॉ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वर एक चाक, खाली एक चाक, आणि त्यांच्यावरून शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखे फिरणारे पोलादी पाते, ज्याच्या एका काठाला दात. पाते सतत खालीच जात राहते, म्हणून लाकूड उसळत नाही, टेबलावर दाबून राहते. पाते पातळ, त्यामुळे भुसा कमी. गोल करवत जिथे एक सूत लाकूड खाते तिथे हे अर्ध्या सुतात भागवते. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने या यंत्राची कल्पना १८०८-०९ च्या सुमारास मांडली, पण पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ती कागदावरच राहिल्यासारखी होती. पात्याची दोन टोके जोडून गोल करायचे, तर सांधा टिकत नसे. फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या एका बाईंनी १८४६ मध्ये सांधा जोडण्याची रीत काढली, पॅरिसच्या पेरँ यांनी ती सुधारली, तेव्हा कुठे यंत्र चालू लागले. म्हणजे या यंत्राची सगळी कथा पात्याची आहे. हे मला आधी समजले असते तर पुढचे रामायण झाले नसते.

पहिला तुकडा मी मोठ्या ऐटीत लावला. टेबलावर लाकूड टेकवून सरकवायला जी सरळ पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. ती सात सुतांवर पक्की केली. पाते बारीक दातांचे लावले होते, इंचाला दहा दात. बारीक दात म्हणजे स्वच्छ काप, असा माझा समज. पहिली फळी फूटभर गेली असेल, तोच ‘टिंग’ असा आवाज झाला. आत डोके तुटलेला जुना खिळा होता. पाते तुटले नाही म्हणून देवाचे आभार मानले आणि तसेच पुढे चालवले. पहिली फळी कशीबशी निघाली. दुसऱ्या कापाला लाकूड फेन्सपासून दूर पळू लागले. मी दाबून धरले, तर पाते वळले. फळी बाहेर आली ती वरच्या काठाला सात सूत, मध्ये चार, खाली पुन्हा सहा! पोट खपाटीला गेलेल्या बैलासारखी. चार फळ्यांच्या तुकड्यातून तीनच मिळणार हे तिथेच ठरले. मी फेन्सला शिव्या दिल्या, मग लाकडाला, मग यंत्र बनवणाऱ्याला. त्या रात्री अक्काचा फोन आला तो मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मेहकरहून एका जुन्या मिस्त्रींना बोलावून आणले. उभा जन्म आरा मशीनवर गेलेला माणूस. फळी पाहून ते हसले.

“गुर्जी, लाकडाले काऊन दोष देता? पातं काय म्हन्ते, ते पाहा ना आधी.”

त्यांनी प्लग काढायला लावला आणि थांबलेल्या पात्याच्या दातांवरून अलगद नख ओढले. उजव्या बाजूला वळलेले दात नखाचा कीस काढत होते. डाव्या बाजूचे नुसते घसरत होते. खिळ्याने एकाच बाजूचे दात बोथट केले होते. पात्याचे दात एक उजवीकडे, एक डावीकडे असे वाकवलेले असतात, म्हणून कापात पात्याला चालायला जागा होते. एक बाजू बोथट झाली की धारदार बाजू पात्याला आपल्याकडे ओढते. बैलजोडीतला एक दमला की गाडी ज्या रीतीने वळते तसेच. त्यावर फेन्स कितीही पक्की करा, उपयोग नाही.

दुसरी चूक त्याहून ढोबळ होती. सहा इंच उंचीच्या लाकडात इंचाला दहा दातांचे पाते म्हणजे एका वेळी साठ दात लाकडात. दोन दातांमधली खोबण भुसा वाहून नेण्यासाठी असते. बारीक दातांची खोबण इवलीशी. ती मध्यावरच भरते, मग पाते कापत नाही, घासते, तापते आणि वाट फुटेल तिकडे जाते. म्हणून फळीचे पोट आत गेले. उभे चिरायला अर्धा इंच रुंदीचे, इंचाला तीन दातांचे पाते हवे. काप जरा खरखरीत येतो, तो रंध्याने जातो. वळणाच्या नक्षीला मात्र अरुंद पाते लागते. एकाच पात्याने दोन्ही कामे करू नयेत.

नवे पाते आणले आणि मिस्त्रींनी यंत्र पहिल्यापासून लावून दाखवले. मी ते वहीत टिपून घेतले आहे. शिकवण्याची सवय जात नाही.

वरच्या चाकाला मागे एक मूठ असते, तिने चाक किंचित कलते. चाकाच्या रबराला मध्ये हलकासा उंचवटा असतो. पात्याचा मध्य नव्हे, तर दातांच्या खोबणींचा तळ त्या उंचवट्याच्या माथ्यावर यावा असे चाक कलवायचे. एवढ्यानेच बहुतेक वेळा पात्याचा ओढा निम्म्याहून कमी होतो. मग ताण. ताणाच्या आकड्यांवर मिस्त्रींचा विश्वास नव्हता. स्प्रिंग जुनी झाली की आकडा खोटा बोलतो. वरचा धारक सहा इंच उचलून पाते मध्यावर बोटाने बाजूला दाबायचे. दोन सुतांपेक्षा जास्त हलले तर ताण कमी. त्यानंतर पात्याला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे ठोकळे आणि मागून टेकू देणारे बेअरिंग. हे सगळे सैल करून आधी पाते मोकळे फिरवायचे, मग कागदाच्या जाडीइतकी फट ठेवून एकेक जवळ आणायचे. ठोकळे दातांना मात्र लागता कामा नयेत, नाहीतर दातांचा वळसा मोडतो. माझे पाते पहिल्या दिवसापासून तिथेच घासत होते! वरचा धारक लाकडापासून दोन सुतांवर आणायचा. पाते जितके उघडे तितके ते डुलते, आणि बोटेही तितकीच धोक्यात.

टेबल पात्याला काटकोनात आहे का, हे मी गुण्याने पाहिले होते. मिस्त्रींनी वेगळी युक्ती दाखवली. एका ठोकळ्याला इंचभर काप दिला, यंत्र बंद केले, ठोकळा उलटा करून तोच काप पात्याच्या मागच्या काठावर बसवला. बसेना. टेबल केसभर कललेले होते.

सगळ्यात शेवटी फेन्स. लिंबाच्या एका वाया गेलेल्या फळीवर कडेला समांतर रेघ मारली आणि फेन्स काढून ठेवून ती रेघ हाताने कापत गेलो. रेघेवर राहायला फळी थोडी तिरकी धरावी लागत होती. निम्म्यावर यंत्र थांबवले, फळी तशीच धरून तिच्या कडेने टेबलावर पेन्सिल ओढली, आणि फेन्स त्या रेघेला समांतर पक्की केली. पात्याला ज्या दिशेने जायचे आहे त्या दिशेनेच लाकूड न्यायचे. हे पाते बदलले की पुन्हा करायचे.

आणि खिळे? ते शोधायला जुन्या लाऊडस्पीकरमधले लोहचुंबक दोऱ्याला बांधून तुकड्यांवरून फिरवले. उरलेल्या तीन तुकड्यांत तीन खिळे सापडले. वरवरचे होते म्हणून चुंबकाला कळले; खोल असते तर त्यालाही कळले नसते, म्हणून पहिला काप कान देऊनच द्यायचा.

या तुकड्यांना कापायच्या आधी एक बाजू आणि एक कड रंध्याने अगदी सरळ केली, कारण फेन्सला टेकणारी बाजूच वाकडी असेल तर कापही तिच्यासारखाच येणार. मग प्रत्येक कापानंतर ठोकळ्याची ती बाजू पुन्हा जेमतेम साफ केली. लाकूड ढकलायचे नाही, पाते खाईल तेवढेच द्यायचे, असे मिस्त्री म्हणत. त्यांचे लक्ष डोळ्यांपेक्षा कानांत होते. आवाज जड झाला की हात आवरायचा. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, मोटार दमते, आणि हाताचा वेग तोच राहिला तर काप भरकटतो. म्हणून ही तीन दिवसांची कामे मी सकाळी लवकर उरकली. शेवटचे सहा इंच नेहमी काठीने ढकलले. मनगटातले घड्याळ, गळ्यातला मफलर बाजूला. नाकाला रुमाल, सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला बरा नव्हे.

तीन तुकड्यांतून बारा फळ्या निघाल्या. मापून पाहिल्या तर दोन टोकांत फरक पाव सुताचा, काहींत तोही नाही. धुराखालचे लाकूड सोन्यासारखे पिवळे होते आणि शंभर वर्षांनीही त्याला सागाचा वास होता. चिरल्याबरोबर दोन फळ्या किंचित धनुष्यासारख्या झाल्या. ही करवतीची चूक नव्हे. लाकडात इतकी वर्षे कोंडलेला ताण सुटतो. सगळ्या फळ्या मध्ये बारीक पट्ट्या देऊन एकावर एक रचल्या, वर दगड ठेवले आणि पंधरा दिवस त्यांना हात लावला नाही. रंधा मारल्यावर सगळ्या सहा सुतांच्या झाल्या.

आता गणित. बारा आणि पहिल्या तुकड्याच्या तीन, पंधरा. पाच पाटांना बरोबर पुरल्या. खालच्या पट्ट्यांची सोळावी फळी माझ्या हातून गेली होती, म्हणून पट्ट्या बांधावरच्या वाळलेल्या बाभळीच्या केल्या. बाभूळ कापताना पाते साग कापताना होते त्याहून जास्त कुरकुरले.

चंद्रपूरकडचा साग २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराकडे मिरवणुकीने गेला, तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो आम्ही कौतुकाने पाहिले होते. आमच्या तुळईची मिरवणूक परसातून ओसरीपर्यंत.

उत्सवाला सगळे आले. महाप्रसादाच्या दिवशी शेतात माणसांच्या न संपणाऱ्या रांगा बसल्या, मधून पुरी आणि वांग्याच्या भाजीचे ट्रॅक्टर फिरले, आणि शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमाची ती पंगत पाहून बाहेरून आलेले दरवर्षीसारखेच थक्क झाले. रात्री घरी पाट मांडले. अक्काने प्रत्येक पाट उलटा करून पाहिला आणि विचारले, “साग सगळा वरच. खाली बाभूळ का रे?”

मी खरे ते सांगितले. तिने वाया गेलेली फळी मागून घेतली, उजेडात धरली, आणि म्हणाली, “ही मला दे. तुळशीपुढे दिवा ठेवायला होईल.”