पोफळीची उमेदवारी

'इंटर्नशिप' हा शब्द हल्लीं घरोघर ऐकूं येतो. आमच्या पिढीस शब्द नवा आहे. वस्तु मात्र नवी नाहीं. सराफाच्या पेढीवर, वैद्याच्या ओसरीवर किंवा वकिलाच्या कचेरींत पूर्वीं मुलें जी उमेदवारी करीत, तीच ही. भेद इतकाच कीं, आतां तिला महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेंत स्थान मिळालें आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें अशी सहा आठवड्यांची उमेदवारी केली. तिची हकीकत, ज्या घरांत मुलें शिकत आहेत अशा घरांतील वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें सादर करीत आहों.

चिरंजीव, ज्यास घरांत आम्ही अजून 'बाळ'च म्हणतों, विद्युत् अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. त्यास दोन ठिकाणांहून होकार आला. एक पुण्यांतील संगणकाची पेढी. तेथें थंडगार खोली, दरमहा विद्यावेतन आणि आठवड्यांतून दोन दिवस घरीं बसून काम करण्याची मुभा. दुसरें ठिकाण राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचें पोफळी येथील जलविद्युत् केंद्र. तेथें त्यास वेतन मिळणार नव्हतें. घरांत दोन दिवस खल चालला. आमची भावजय म्हणाली, "दादा, पदरचे पैसे खर्चून डोंगराच्या पोटांत कशाला जायचें? तुम्हीच त्याला समजावा." आमच्याहि मनांत धाकधूक होतीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां आम्ही सहा-सात वर्षांचे होतों. वडिलांनीं आम्हां भावंडांस पांघरुणासकट उचलून अंगणांत नेलें, तें अद्याप आठवतें. त्या भूकंपांत धरणास तडे गेले. पण तें उभें राहिलें, आणि पुढें त्यास बळकटी आणण्यांत आली.

बाळाचें म्हणणें साधें होतें. "काका, आपलें घर कराडांत. संगमावर मी पोहायला शिकलों. जी कोयना इकडे येतें, तिचें बरेंचसें पाणी तिकडे कसें जातें, तें मला पाहायचें आहे." ह्यावर कोणास उत्तर सुचलें नाहीं.

पोफळीचें महत्त्व समजण्यास थोडा भूगोल आठवावा लागेल. कोयना महाबळेश्वरीं उगम पावून दक्षिणेस वाहते, हेळवाकच्या आसपास पूर्वेकडे वळते आणि कराडास कृष्णेस मिळते. अर्थात् तिचें पाणी स्वभावतः बंगालच्या उपसागराचें. परंतु धरण बांधून तें अडविलें, सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस नेलें आणि कोंकणच्या बाजूच्या खोल उताराचा लाभ घेऊन यंत्रांवर सोडलें. १९६२ सालीं पहिलें यंत्र फिरूं लागलें. शिवसागर जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि चारहि टप्पे व धरणाच्या पायथ्याचें वीजगृह मिळून प्रकल्पाची क्षमता सुमारें १,९६० मेगावॅट आहे. काम संपलेलें पाणी वाशिष्ठीच्या पात्रांतून चिपळूणवरून अरबी समुद्रास जातें. पश्चिमेस वळवावयाच्या ह्या पाण्यास कृष्णा पाणीवाटप लवादानें वर्षाकाठीं ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. तें वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजीं संपतें. त्यामुळें ऐन मे महिन्यांत गेलेल्या आमच्या बाळास पहिला धडा मिळाला तो काटकसरीचा. वर्षाच्या अखेरीस गृहिणी जसा डब्यांतील तांदूळ जोखून काढते, तसें तेथें पाणी जोखून काढीत होते.

वीजगृह डोंगरांत खोदलेलें आहे. बोगद्यांतून आंत जावें लागतें. बाहेर वैशाखाचें ऊन आणि आंत अष्टौप्रहर यंत्रांचा एकसुरी घुमारा. पहिला आठवडा त्यास केवळ पाहण्यांत घालवावा लागला. पुस्तकांत ज्या यंत्राची आकृति वीतभर असते, तें तेथें दुमजली वाड्याएवढें. परंतु त्यास खरें नवल वाटलें तें यंत्राच्या आकाराचें नव्हे, त्याच्या तत्परतेचें. औष्णिक केंद्रांत थंड पडलेला बाष्पक तापवून वीज सुरू करण्यास कित्येक तास लागतात; पाण्याचें यंत्र कांहीं मिनिटांत भार उचलतें. सायंकाळीं घरोघर दिवे लागले, मागणी चढली, कीं कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राचा निरोप येतो आणि पोफळीचें यंत्र जागें होतें. दर सेकंदास ५० आवर्तनें हा आपल्या विजेचा ठेका. मागणीच्या मानानें पुरवठा मागें पडला कीं ठेका मंदावतो. पुरवठा अधिक झाला कीं तो चढतो. गवयानें कितीहि ताना घेतल्या तरी तबलजीनें लय सोडूं नये, तसें हें काम आहे.

तेथें दर तासास यंत्रांवरील आंकडे तक्त्यांत भरावयाचे असतात. बेअरिंगचें तापमान, तेलाची पातळी, यंत्र थंड राखणाऱ्या पाण्याचा दाब, असे अनेक. संगणकाच्या पडद्यावर ते दिसत असले तरी माणसानें यंत्राजवळ जाऊन पाहावें, हात लावून, कान देऊन अंदाज घ्यावा, असा जुन्या मंडळींचा दंडक. बाळास ज्यांच्या हाताखालीं दिलें होतें, ते सेवानिवृत्तीस आलेले तंत्रज्ञ. त्यांस सर्वजण 'मामा' म्हणत. चौथ्या आठवड्यांत रात्रपाळीस मामांनीं तक्ता बाळाच्या हातीं दिला.

पुढील हकीकत त्यानें परत आल्यावर चार दिवसांनीं, एकांतीं सांगितली. प्रमाणपत्रावर 'उत्तम' असा शेरा होता. घरांत पेढे वाटून झाले होते. तो म्हणाला, "काका, एक सांगायचें राहिलें आहे." पहाटे तीन वाजतां त्याचे डोळे मिटूं लागले. दोन वाजतांचे आंकडे समोर होते. तासाभरांत असा काय फरक पडणार, असें मनाशीं म्हणून त्यानें तेच आंकडे तीनच्या रकान्यांत उतरविले. थोड्या वेळानें मामा आले, तक्ता पाहिला, बाळाकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां त्यास यंत्रापाशीं घेऊन गेले. एका बेअरिंगचें तापमान दोन अंशांनीं चढलें होतें. चढ धोक्याची नव्हती. परंतु तक्त्यांत ती नव्हतीच.

मामा एवढेंच म्हणाले, "पोरा, तू यंत्राला विचारलं नाहीस, कागदाला विचारलंस."

नंतर चहाच्या वेळीं त्यांनीं आपली कहाणी सांगितली. त्यांचें मूळ गांव शिवसागराच्या तळाशीं आहे. गांव उठविण्यापूर्वीं घरें व शेतें मोजलीं, तेव्हां कोणा कारकुनानें जागेवर न जातां शेजारच्या खात्यावरून नोंद उतरवून घेतली, आणि त्यांच्या वडिलांच्या शेताचा एक तुकडा कागदावर आलाच नाहीं. जो तुकडा कागदावर नाहीं, त्याचा मोबदला कोठून मिळणार? पुढें शेत पाण्याखालीं गेलें, पुन्हां मोजण्याची सोयहि उरली नाहीं. वडिलांचें उरलेलें आयुष्य कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यांत गेलें. "त्या कारकुनालाबी झोपच आली असंल," मामा म्हणाले. मग त्यांनीं बाळास चूक सुधारण्याची रीत शिकविली. खोटा आंकडा खरवडून काढावयाचा नाहीं. त्यावर एकच रेघ मारावयाची, म्हणजे खालचा आंकडा वाचतां येईल. शेजारीं खरा आंकडा लिहावयाचा आणि सही करावयाची. "ती सही करतांना हात कांपत होता, काका," असें बाळ म्हणाला.

आतां प्रश्न असा होता कीं, महाविद्यालयांत द्यावयाच्या अहवालांत ही गोष्ट लिहावी किंवा नाहीं. त्याचे वडील म्हणाले, "कोणी विचारलेलें नाहीं, मग सांगायचें कारण काय?" आणि लिहिण्यास लाज वाटते, पण आमच्याहि तोंडून प्रथम "गुण कशाला घालवतोस?" असेंच निघालें. बाळ आमच्याकडे नुसता पाहत राहिला. त्या दृष्टीसरशीं आम्हांस आमचा वर्ग आठवला. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरींत, घाईच्या दिवशीं, वर्गाकडे मान वर न करतां आम्हींहि हजेरीपट केवळ कालच्या अंदाजानें भरला आहे. ज्या मुलाची गैरहजेरी त्या दिवशीं कोणीतरी विचारावयास हवी होती, असा एखादा त्यांत असेल काय? आज तें शोधण्याचा मार्ग नाहीं. आम्हीं बाळास सांगितलें, "लिही." त्यानें लिहिलें. दोन गुण कमी पडले. त्याचें दुःख घरांत आतां कोणास उरलेलें नाहीं.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणांत त्यांच्या जोडीस मनुष्यांचें ऋणहि सांगितलें आहे. हें चौथें ऋण शाळेंत शिकवितांना आम्ही एका वाक्यांत उरकून पुढें जात असूं. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळले. त्यांसाठीं आंदोलनें करावीं लागलीं. त्या गांवांवर उभें राहिलेल्या पाण्याचा प्रकाश आमच्या देवघरापर्यंत पोंचला, आणि आम्हीं दरमहा वीजबिल भरून ऋण फिटलें असें मानीत आलों.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या उमेदवारीची चौकशी करतांना विद्यावेतन किती, हें अवश्य विचारावें. परंतु तेथें त्याची चूक त्यास दाखविणारा कोणी आहे काय, हेंहि विचारावें. तसा मनुष्य लाभणार असेल, तर पदरचे चार पैसे गेले तरी तो व्यवहार आंतबट्ट्याचा नाहीं.

घरांत एक फरक मात्र झाला आहे. आमच्या सौभाग्यवती दुधाची वही आठवड्याअखेर एकदम, आठवेल तशी भरीत. परवां त्यांनीं मंगळवारच्या रकान्यांत पेन टेकविलें आणि तेवढ्यांत बाळ दारांतून आंत आला. तो एक शब्दहि बोलला नाहीं. वही मिटली, आणि तेव्हांपासून ती रोजच्या रोज, दूध आल्याबरोबर भरली जाते.