सांतो दोमिंगो : दोन दिवसांचा बेत

मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणारी आपल्याकडची मंडळी न्यूयॉर्क आणि नायगारा पाहून समाधानाने परततात. त्यांपैकी ज्यांना इतिहासाची गोडी आहे, त्यांनी हाताशी तीन-चार दिवस असल्यास कॅरिबियन समुद्राकाठच्या सांतो दोमिंगो या शहराचा विचार अवश्य करावा. डोमिनिकन प्रजासत्ताकाची ही राजधानी मायामीहून विमानाने दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. युरोपीयांनी नव्या जगात वसविलेल्या आणि आजतागायत नांदत्या राहिलेल्या शहरांत हे सर्वांत जुने. हिंदुस्थानची वाट शोधीत निघालेला कोलंबस १४९२ च्या डिसेंबरात ज्या बेटावर पोहोचला, त्याच बेटावर पुढे त्याचा भाऊ बार्तोलोमे याने या वसाहतीचा पाया घातला.

आधी हंगामाचे पाहावे. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने. शहराची आजची जागादेखील वादळानेच ठरविली. १५०२ साली ओसामा नदीच्या पूर्वतीरावरील वस्ती तुफानाने उद्ध्वस्त केली, तेव्हा गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने ती पश्चिमतीरावर नव्याने, सरळ आखीव रस्त्यांची अशी वसविली. प्रवाशाने डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा.

पहिला दिवस जुन्या शहरासाठी राखावा. युनेस्कोने १९९० साली जागतिक वारशात घेतलेला हा भाग पायीच पाहण्याजोगा आहे. ऊन चढण्यापूर्वी नदीकाठच्या ओसामा किल्ल्यापासून आरंभ करावा. त्याचा बुरूज १५०२ ते १५०८ च्या दरम्यान उभा राहिला. तेथून ‘लास दामास’ म्हणजे ‘स्त्रियांचा रस्ता’ लागतो. कोलंबसाची सून मारिया दे तोलेदो आणि तिच्या परिवारातील स्त्रिया सायंकाळी येथे फिरावयास येत, म्हणून हे नाव. रस्त्याच्या टोकास तिचा पती दिएगो याचा प्रवाळी दगडाचा वाडा आहे. दुपारी कॅथिड्रलच्या गारव्यात बसावे. १५४० च्या सुमारास पुरे झालेले हे अमेरिका खंडातील सर्वांत जुने कॅथिड्रल होय. १५८६ साली इंग्रज दर्यावर्दी ड्रेक याने शहर लुटले, तेव्हा याच वास्तूत त्याचा तळ होता. खंडणी घेऊन सुमारे महिन्याने तो हलला.

दुसरा दिवस मात्र निराळ्या मनाने काढावा. कारण हे बेट आधी ताइनो लोकांचे होते. सोन्याच्या खाणींतील सक्तीची मजुरी आणि परकी रोगराई यांनी पन्नास वर्षांच्या आत त्यांचा समाज जवळजवळ नाहीसा केला. समुद्रकाठच्या रस्त्यावर, मुखाशी हात नेऊन हाक घालणारा एक भव्य पुतळा आहे, तो पाहिल्यावाचून परतू नये. तो अंतोनिओ दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूचा. १५११ च्या डिसेंबरात, खुद्द दिएगो कोलंबस समोर बसला असता, ही माणसे नव्हेत काय आणि कोणत्या अधिकाराने यांना दास्यात ठेवता, असा सवाल त्याने भर प्रवचनात केला. या प्रवचनाचा वृत्तान्त आपल्याला लास कासास याच्या ग्रंथातून कळतो. त्याच्या पदरीही असे वेठबिगार होते; पुढे त्याने ते सोडून दिले आणि उरलेले आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात घालविले. १५१२ साली स्पेनच्या राजाला काही कायदे करावे लागले, पण ते अपुरे ठरले. दगडी वाडे पाहून मनात जो अभिमान दाटतो, त्याला या पुतळ्यापाशी आपोआप लगाम बसतो.

ताइनो गेले, त्यांचे शब्द मात्र उरले. ‘बटाटा’ हा आपला घरगुती शब्द पोर्तुगीजांच्या मुखातून आला, पण मूळचा तो याच बेटांवरचा. तेथे त्याचा अर्थ रताळे. ‘तंबाखू’ आणि ‘पपई’ यांचे मूळही बहुतेक भाषाशास्त्रज्ञ याच परिसरात शोधतात. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा हे ताइनोंचे मुख्य अन्न. म्हणजे गोव्यात १५१० साली पाय रोवणाऱ्या पोर्तुगीजांच्या जहाजांमागोमाग जो माल आणि जे शब्द आले, त्यांनी आपले एकादशीचे ताटच बदलून टाकले! साबुदाण्याची खिचडी, उकडलेले रताळे, शेंगदाण्याची आमटी – यांतले मूळचे आपले फारच थोडे.

म्हणून बेतात शेवटची नोंद खाण्याची असावी. कसाव्याचा कीस पिळून, त्यातला विषारी रस काढून, तव्यावर भाजलेली ‘कासाबे’ नावाची पातळ भाकरी तेथे अजूनही मिळते. २०२४ साली युनेस्कोने ती करण्याची परंपराही मानवी वारशात नोंदविली. ती कोरडी, कुरकुरीत, चवीला अगदी साधी असते. वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या धन्यांनी आपली नावे दगडावर कोरून ठेविली. ज्यांचे नाव कोठेही कोरलेले नाही, त्यांची आठवण या भाकरीत आहे. एक तुकडा तरी सावकाश चावून खावा.