'पाणी नको' म्हणायला शिकवणारा वर्ग

स्लम्प कोनची उंची 300 मिलीमीटर, खालचा व्यास 200, वरचा 100. सिव्हिलच्या कुठल्याही पदवीधराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे सांगेल. पुण्याबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्रात, पत्र्याच्या शेडखाली, नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेल्या साइट इंजिनिअरांपुढे प्रशिक्षकांनी तोच कोन ठेवला. शेजारी ताज्या काँक्रीटने भरलेली घमेली होती. "चला, करून दाखवा," ते म्हणाले. बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. काँक्रीट किती घट्ट-सैल आहे हे पाहायची ही स्लम्प चाचणी कॉलेजात लॅब असिस्टंट करायचा आणि मुलं वहीत आकडा उतरवून घ्यायची. साइटवर तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसी कंपनीचा माणूस करतो आणि इंजिनिअर सही करतो. स्वतःच्या हाताने कोन उचलण्याची वेळ बहुतेकांवर आलीच नव्हती.

शेवटी साताऱ्याकडची एक मुलगी पुढे आली. पत्रा ओला केला, कोन आतून ओल्या फडक्याने पुसला, दोन्ही पट्ट्यांवर पाय रोवून उभी राहिली. थर भरायचा, 16 मिलीमीटरच्या गोल टोकाच्या सळईने 25 ठोके द्यायचे, मग पुढचा थर. तिने चौथ्या थराची तयारी केली तेव्हा प्रशिक्षकांनी थांबवलं. जुन्या भारतीय मानकात चार थर होते, 2018 च्या सुधारित भागात तीन आहेत. वर्गातल्या जवळपास सगळ्यांच्या डोक्यात चारच होते. तिने पुन्हा पहिल्यापासून भरलं. ठोकेही नुसते मोजून चालत नाहीत, दुसऱ्या थराची सळई खालच्या थरात जेमतेम शिरली पाहिजे. वरचं काँक्रीट सपाट केलं, कडेला सांडलेलं पुसलं आणि कोन उचलला. उचलताना हात किंचित तिरका गेला, आणि काँक्रीटची एक बाजू घसरून खाली आली. ती पट्टी घेऊन मोजायला वाकली. प्रशिक्षक म्हणाले, "याचं माप घ्यायचं नाही. पुन्हा भरा." असा घसरलेला स्लम्प ग्राह्य धरत नाहीत. पुस्तकात हे वाक्य आहे, पण ते तिला आता पक्कं कळलं.

यानंतरचा तास मला सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा वाटला. त्याच काँक्रीटचा अर्धा भाग बाजूला काढून त्यात पाणी घातलं. फावड्याने कालवताना फरक लगेच जाणवला. घट्ट, हट्टी माल मऊ झाला, चकाकायला लागला, साच्याच्या कोपऱ्यात आपोआप शिरू लागला. अनुभव नसलेल्या डोळ्याला दुसराच ढीग जास्त चांगला वाटेल, आणि साइटवर पाणी घालण्याचं मूळ इथेच आहे. पाण्याने काम सोपं होतं, माल सुंदर दिसतो, आणि नुकसान त्या दिवशी कुणालाच दिसत नाही.

मग फळ्यावर हिशेब मांडला. ट्रान्झिट मिक्सरमध्ये 6 घनमीटर काँक्रीट आहे. घनमीटरला 340 किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंटचं गुणोत्तर 0.45. म्हणजे गाडीत सिमेंट 2040 किलो आणि पाणी 918 लिटर. साइटवर 100 लिटर पाणी वाढवलं, म्हणजे पाच-सात बादल्या, तर पाणी 1018 लिटर झालं आणि गुणोत्तर 0.50 च्या घरात गेलं. आयएस 456 या भारतीय मानकात तीव्र हवामानातल्या, म्हणजे उदाहरणार्थ किनारपट्टीवरच्या, लोखंडी सळईच्या कामाला 0.45 ही कमाल मर्यादा आहे. पाच-सात बादल्यांनी ती ओलांडली. डफ एब्रम्स यांनी पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि ताकद यांचा नियम 1918 मध्ये मांडला, तेव्हापासून तो शिकवला जातोय. तरी गाडीमागे बादली आणि पाइप असतातच.

दोन्ही मालांचे 150 मिलीमीटरचे क्यूब भरून पाण्यात ठेवले. त्यांचा निकाल 28 दिवसांनी लागणार, तोवर ही तुकडी आपापल्या साइटवर परतलेली असेल. त्यावर केंद्राने साधा उपाय केला आहे: आजच्या तुकडीने आधीच्या तुकडीचे क्यूब फोडायचे. क्यूब यंत्रात ठेवतानाही एक खुबी असते. भरताना जी बाजू वर होती ती दाबाखाली येता कामा नये, बाजूचे सपाट पृष्ठभाग वर-खाली ठेवायचे. भार मिनिटाला चौरस मिलीमीटरमागे 14 न्यूटन या वेगाने वाढवायचा. घाई केली तर क्यूब आहे त्याहून मजबूत असल्याचा खोटा आकडा मिळतो. एम 25 चा क्यूब चौरस मिलीमीटरमागे 25 न्यूटनला पोचतो तेव्हा त्यावर सुमारे 57 टन भार असतो. हा आकडा ऐकल्यावर मुलं यंत्रापासून एक पाऊल मागे सरली. फुटताना एकदम आवाज होत नाही. आधी बारीक चरचर, कडांचे पापुद्रे सुटतात, मग धप्प. दाब नीट बसला असेल तर उरतो तो डमरूच्या आकाराचा गाभा. जादा पाणी घातलेले क्यूब मूळ मालाच्या क्यूबांच्या फार आधी फुटले. फळ्यावरचा हिशेब समोर टेबलावर तुकडे होऊन पडला होता.

सळईचं सत्र एका ज्येष्ठ फिटरकाकांकडे होतं. पदवीधरांना शिकवायला फिटर बोलावणं हा या केंद्राचा उत्तम निर्णय आहे. काकांनी प्रत्येकाला 8 मिलीमीटरची रिंग स्वतः वाकवायला लावली. रिंगेचा हूक 135 अंशांत वळवून शेपूट कॉलमच्या गाभ्यात गेलं पाहिजे, आणि आयएस 13920 प्रमाणे ते व्यासाच्या सहापट, पण किमान 65 मिलीमीटर असलं पाहिजे. 90 अंशांपर्यंत सळई सहज येते. पुढचे 45 अंश मनगटात जोर लागतो. साइटवर हूक 90 वर का थांबतात, ते त्या मुलांच्या मनगटाला तेव्हा समजलं. 90 चा हूक भूकंपात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या इमारती कोसळल्या. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा धक्का महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्याकडे हूक मोजणं हे कुणाचं तरी रोजचं काम असायलाच हवं.

शेवटच्या टप्प्यात प्रशिक्षक स्वतः मुकादम झाले. "साहेब, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती, माल घट्ट झालाय, पंपाचा पाइप चोकअप होतोय. दोन बादल्या टाकू द्या, नाहीतर माझी माणसं घरी जातील." समोरचा मुलगा गप्प झाला. चोवीस वर्षांच्या पोराने वीस वर्षं स्लॅब टाकणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. प्रशिक्षकांनी पायऱ्या सांगितल्या: आधी गाडीचं चलन बघा, प्लांटवरून किती वाजता निघाली ते तपासा. स्वतः स्लम्प घ्या. प्लांटच्या क्वालिटी इंजिनिअरला फोन लावा, त्याच्या सांगण्यावरून आणि त्याने दिलेल्या मात्रेतच अ‍ॅडमिक्श्चर टाका. तरी जमत नसेल तर गाडी परत पाठवा आणि चलनावर कारण लिहून सही करा. आणि मुकादमाशी आवाज न चढवता बोला, कारण उद्याही त्याच्याचबरोबर काम करायचं आहे. मुलांनी हे आळीपाळीने म्हणून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आवाजातला थरकाप कमी झाला.

इंजिनिअरांसाठी अभ्यासक्रम कमी नाहीत. सरकारी अभियंत्यांसाठी नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, व्यवस्थापन शिकायला 1983 पासून निकमार ही संस्था आहे, मोठ्या कंपन्यांची स्वतःची केंद्रं आहेत. अडचण वेगळी आहे. असे कितीतरी वर्ग हॉटेलच्या हॉलमध्ये स्लाइड दाखवून, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो देऊन संपतात, आणि तिथून परतलेल्याच्या नखात सिमेंट गेलेलं नसतं. शिवाय डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना परिषदेची नोंदणी सक्तीची आहे, तशी साइटवरच्या इंजिनिअरला देशपातळीवर नाही. एकदा पदवी मिळाली की पुन्हा काही शिकण्याचं बंधन नाही. तालुक्याच्या गावात चार मजली इमारत उभारणाऱ्या छोट्या ठेकेदाराचा इंजिनिअर अशा वर्गापर्यंत पोचतच नाही, आणि आपली कितीतरी घरं त्याच्याच देखरेखीखाली बांधली जातात.

म्हणून ठेकेदारांना विनंती आहे: आपल्या कनिष्ठ इंजिनिअरला पगार न कापता, कामाच्या दिवसांत अशा हात भरवणाऱ्या वर्गाला पाठवा. आणि घर बांधणाऱ्यांनो, स्लॅबच्या दिवशी पेढे वाटण्याआधी एकदा विचारा, क्यूब किती भरले? 16 ते 30 घनमीटरच्या स्लॅबला आयएस 456 नुसार किमान 3 नमुने लागतात, प्रत्येकी 3 क्यूबांचे. म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी 9 क्यूब. ते भरलेले स्वतः पाहा, त्यांवर तारीख घालून घ्या आणि 28 दिवसांनी अहवाल मागा.