योगशिक्षक व्हायचंय? फी भरण्याआधी ठरवा, शिकवणार कुणाला!



ट्रेनिंगला येणाऱ्यांकडून, विशेषतः घर सांभाळून काहीतरी सुरू करू पाहणाऱ्या ताईंकडून, एक प्रश्न हमखास येतो. "सर, मला योगाचे क्लास सुरू करायचेत. कुठलं सर्टिफिकेट घेऊ?" पाठोपाठ मोबाईलवरची जाहिरात दाखवतात. "आंतरराष्ट्रीय मान्यता, २०० तास, आजच फी भरा!"

थांबा. घरातली बचत फीमध्ये घालण्याआधी हा लेख पूर्ण वाचा.

सर्टिफिकेट कायद्याने लागतं का?

नाही. डॉक्टरला नोंदणी लागते तसं योग शिकवायला आपल्याकडे सक्तीचं लायसन्स नाही. सरकारी प्रमाणपत्रसुद्धा ऐच्छिक आहे. मग ते घ्यायचं कशाला? दोन कारणांसाठी. एक, शाळा, कंपनी, हॉटेल किंवा वेलनेस सेंटर तुम्हाला काम देताना कागद मागतं. दोन, समोर पन्नाशीचा, बीपीची गोळी घेणारा माणूस झोपलेला असतो आणि त्याच्या मानेची, कमरेची जबाबदारी तुमच्यावर असते. तिथे अर्धवट शिकून चालत नाही.

बाजारात दिसणारे चार प्रकारचे कागद

हे चारही वेगवेगळे आहेत. जाहिरातीत मात्र सगळ्यांनाच "मान्यताप्राप्त" म्हणतात.

१. सरकारी बोर्डाचं प्रमाणपत्र. योग सर्टिफिकेशन बोर्ड, म्हणजे वायसीबी. हे आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये स्थापन केलं. इथे परीक्षा होते.

२. विद्यापीठाची पदविका किंवा पदवी. नोकरीच्या अर्जात शैक्षणिक पात्रता म्हणून दाखवता येते.

३. संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र. त्याची किंमत त्या संस्थेच्या नावावर. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासून आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून. अशा ठिकाणचा कागद स्वतःच बोलतो. कालपरवा सुरू झालेल्या क्लासचा बोलेलच असं नाही.

४. योगा अलायन्सची नोंदणी. ही अमेरिकेतली खासगी ना-नफा संस्था. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. तुमची परीक्षा ती घेत नाही, ती तुमची शाळा घेते. शिक्षकाला नोंदणी चालू ठेवायला दरवर्षी पैसे भरावे लागतात. परदेशी विद्यार्थी किंवा परदेशात नोकरी डोक्यात असेल तर उपयोग आहे. इंदिरानगरच्या सोसायटीत सकाळची बॅच घ्यायची असेल, तर ही नोंदणी कोणी विचारणार नाही.

वायसीबीच्या पायऱ्या समजून घ्या

- योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर: किमान २०० तास, ३ महिने. बागेत, सोसायटीत कॉमन योगा प्रोटोकॉल घेण्यासाठी. २१ जूनला सगळीकडे होणारा ४५ मिनिटांचा क्रम तो हाच.
- योग वेलनेस इन्स्ट्रक्टर: ४०० तास, ६ महिने. शाळा, स्टुडिओ, ऑफिस, वेलनेस सेंटरसाठी.
- योग टीचर अँड इव्हॅल्युएटर: ८०० तास, ९ महिने. पुढचे शिक्षक घडवायला आणि परीक्षक व्हायला.
- योग मास्टर: १६०० तास, २ वर्षं.

योग थेरपीची पायरी पूर्ण वेगळी आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा माणूस योग शिकवू शकतो, आजारावर उपचार करू शकत नाही. म्हणून फ्लेक्सवर "मधुमेह मुळापासून बरा" असलं काही छापू नका. एखाद्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून गोळी बंद केली तर काय होईल, याचा विचार करा.

परीक्षेत काय बघतात?

पहिल्या पायरीचे एकूण मार्क २००. त्यात लेखी ६० आणि प्रात्यक्षिक १४०. हा आकडा नीट बघा. पतंजली, हठप्रदीपिका, गीतेतला योग, शरीररचना हे सगळं अभ्यासाला आहेच. पण ७० टक्के वजन प्रात्यक्षिकाला आहे.

आणि प्रात्यक्षिक म्हणजे फक्त स्वतः सुंदर आसन करणं नव्हे. शिकवून दाखवावं लागतं. सूचना कोणत्या क्रमाने देता, श्वास कुठे घ्यायला सांगता, समोरच्याचा गुडघा चुकतोय हे दिसतं का, हे आसन कुणी करू नये ते आधी सांगता का? हर्नियावाल्याला, काचबिंदूवाल्याला, गरोदर बाईला काय टाळायला सांगाल? तयारी करताना आरशासमोर कमी आणि माणसांसमोर जास्त उभे राहा. सासूबाई, शेजारच्या काकू, भाचा असे तीन वेगवेगळ्या वयांचे लोक घ्या आणि रोज अर्धा तास शिकवा.

आपण नाशिककर नशीबवान!

यासाठी ऋषिकेशला जायलाच पाहिजे असं नाही. डॉ. विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये इथेच योग विद्या धाम सुरू केलं. त्र्यंबकेश्वरजवळ तळवाडे इथे त्यांचं निवासी गुरुकुल आहे आणि तिथे परदेशातूनही विद्यार्थी शिकायला येतात. २०१८ मध्ये मंडलिक सरांना पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला.

दुसरा पर्याय म्हणजे गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्यांचा योगशिक्षक पदविकेचा शिक्षणक्रम आहे. नोकरी, दुकान, घर सांभाळून शिकणाऱ्याला ही वाट सोयीची. प्रवेशाच्या तारखा आणि जवळचं केंद्र विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आता धंद्याचं गणित

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या भागातले आकडे टाकून परत मांडा.

समजा, शिक्षण आणि परीक्षा मिळून ३०,००० रुपये गेले. बॅचमध्ये १२ जण, महिना फी १,००० रुपये. जमा १२,०००. हॉलचं भाडं ४,०००, पेट्रोल आणि जाहिरात मिळून २,०००. हातात राहिले ६,०००. म्हणजे पाच महिन्यांत शिक्षणाचा खर्च वसूल.

आता समजा, दुसऱ्या महिन्यात ५ जण गळाले. जमा ७,०००, खर्च तोच ६,०००. हातात उरले १,०००. उरलेल्या वसुलीला आता आणखी दोन वर्षं लागतील!

फरक कशाने पडला? सर्टिफिकेट दोन्ही वेळा तेच होतं. मी दुकानदार आहे. दुकानाची पाटी बघून गिऱ्हाईक पहिल्यांदा आत येतं, दुसऱ्यांदा येतं ते मालावर. इथे माल म्हणजे तुमचं शिकवणं. परीक्षेतले १४० मार्क आणि बॅच टिकवणं, दोन्हीची तयारी एकच आहे.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर शॉप अॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

फी भरण्याआधी हे पाच प्रश्न विचाराच

१. शेवटी कागद कोण देणार? बोर्ड, विद्यापीठ की तुम्हीच?

२. वायसीबीची मान्यता असेल तर बोर्डाच्या वेबसाइटवर तुमचं नाव दाखवा. परीक्षा फी यातच आहे की वेगळी?

३. प्रत्यक्ष समोर किती तास, ऑनलाइन किती?

४. मला दुसऱ्यांना शिकवायची संधी किती वेळा मिळेल?

५. सर्टिफिकेट किती वर्षं चालतं? नूतनीकरणाला खर्च किती?

उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ झाली तर नमस्कार करून बाहेर पडा.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर लिहा: मी कुणाला शिकवणार, कुठे शिकवणार, ते महिना किती देऊ शकतील? मग दोन सकाळी लवकर उठून तुमच्या जवळच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा बागेत जा. तिथे आधीच कोण शिकवतंय, किती लोक येतात, कुठल्या वयाचे येतात, ते नुसतं बघा. त्यानंतरच कोर्स निवडा. सोसायटीतल्या आजी-आजोबांसाठी पहिली पायरी पुरेल, शाळेत जायचं असेल तर दुसरी लागेल, आणि योगातच करिअर करायचं असेल तर पदविकेचा विचार करा.

गिऱ्हाईक आधी, कोर्स नंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!