रुप्याचे दफ्तर
वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला, रामनवमीच्या यात्रेस येणाऱ्या एखाद्या वृद्ध बंजारा स्त्रीच्या गळ्यात क्वचित अजूनही जो रुपयांचा हार दिसतो, त्याच्याकडे आपण पोशाखाची शोभा म्हणून पाहतो. वस्तुतः जिच्या नावाची नोंद सातबाऱ्यात नव्हती की फेरफारात नव्हती, तिने आईकडून वा सासूकडून घेऊन पुढच्या पिढीच्या हवाली केलेली ती मत्ता आहे, आणि तिच्या व्यवहारज्ञानाचा तो अस्सल दस्तऐवज आहे.

हार जवळून पाहावा. पुष्कळ हारांत नाण्याला भोक पाडलेले नसते, तर माथ्यावर चांदीचे बारीक नाके डाग देऊन बसवलेले असते. कांचळीवर वर्षानुवर्षे घासून नाण्यावरच्या इंग्रज राणीचे नाक-डोळे पुसट झालेले असतात, पण साल बहुधा वाचता येते. नाण्याचे वजन घटू न देण्यात शहाणपण होते. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा ठरला, त्यातले बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. त्यामुळे वीस रुपयांचा हार म्हणजे वीस तोळे, हा हिशेब निरक्षर बाईलाही तोंडपाठ होता आणि सावकाराच्या तराजूवर विसंबण्याचे तिला कारण नव्हते. सालावरून काळ ठरवताना मात्र सावधपणा हवा, कारण १८६२ चा शिक्का असलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते.

धान्य आणि मीठ बैलांवर लादून मुलूख ओलांडणाऱ्या तांड्यांची लदेणी वऱ्हाडातून आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली तेव्हा मोडत चालली होती. तिच्या बरकतीच्या दिवसांत जे गळ्यात चढले, त्याची खरी कसोटी पुढे लागली. १८९३ साली सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. चांदीचा भाव उतरत गेला, रुपयाचे सोळा आणे मात्र कायम राहिले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात हांसळी किंवा वाळे मोडायला नेणारीच्या पदरी पडता भाव येई, तर हारातला रुपया, नाक्यापायी सराफाने थोडा बट्टा कापला तरी, रुपयाच होता. चांदी आणि रुपया यांच्या या फारकतीच्या ज्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी अहवालांमागून अहवाल लिहिले, त्याचे उत्तर या बायकांच्या गळ्यात आधीच ओवलेले होते, असे मला मनापासून वाटते.

१९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, जुने रुपये सरकारने चलनातून काढून घेतले, आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला; सरकारी तिजोरीकडे न गेलेली नाणी या हारांत उरली. आज त्यांना खरा धोका मोडीचा आहे, कारण धातूचीच किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी पट झाली असून सराफाच्या मुशीत गेलेल्या हाराचे साल पुन्हा कुणाला वाचता येत नाही.

पोहरादेवीस ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तिथे हार काचेआड ठेवून भागणार नाही. तांड्यातांड्यांत जाऊन, हार ज्यांचे त्यांच्याच गळ्यात राहू देऊन, प्रत्येक नाण्याचे साल, टांकसाळीची खूण, ते कुणी ओवले, कोणत्या अडचणीत त्याच्या शेजारचे काढले आणि हार कोणाकडून कोणाकडे आला, याची टिपणे आजीबाईंच्या तोंडून उतरवून घेतली पाहिजेत, आणि ती त्या बायकांच्या नावानिशी दफ्तरी दाखल झाली पाहिजेत.