प्रायमाक्विन का बाधते?

प्रायमाक्विन हे हिवतापावरचे जुने औषध. व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांचा निकाल लावायला १४ दिवसांचा कोर्स देतात. बहुतेकांना तो सोसतो. काहींची लघवी मात्र दोन-तीन दिवसांतच कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, जिना चढताना धाप लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागल्याची ही लक्षणे.

अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर या औषधाचे प्रयोग झाले. (आज तसे करायला कोणी धजावणार नाही.) त्यातून १९५६ साली कारण उलगडले : अशा लोकांच्या पेशींत जी६पीडी हे विकर अपुरे असते. औषधाने वाढणारा ऑक्सिडीकरणाचा ताण झेलायला हेच विकर लागते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांत ते गुणसूत्र एकच, म्हणून दोष त्यांच्यात अधिक उघडा पडतो.

ही उणीव हिवतापापासून थोडे संरक्षणही देते, त्यामुळे हिवतापाच्या मुलखांत ती टिकून राहिली. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण जास्त आढळले आहे. रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळते, आणि खरे तर प्रायमाक्विनआधी ती तपासणी व्हायलाच हवी. उणीव निघाली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे औषध देता येते. गरोदर स्त्रियांना मात्र ते मुळीच देत नाहीत.